चुलीत टाकलेले तीन पत्ते

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. तिच्यात पत्ते आहेत, आणि शाळेतल्या मुलीच्या तोंडी पत्त्यांची गोष्ट शोभत नाही, असं मला बजावण्यात आलं होतं. पण ऐकल्यापासून ती मनातून जात नाही. म्हणून सांगते.

एकदा एका खाडीकाठच्या बंदरात एक वृद्ध राहत असे. तरुणपणी त्यानं गलबतं चालवली होती. आता डोळे अधू झाले होते, पण ज्याला काय करावं ते सुचत नसे असा माणूस त्याच्याकडेच येई. दुपारी जेवणं झाली की खोबऱ्याच्या वखारीच्या पडवीत तो व्यापाऱ्यांबरोबर पत्ते खेळत बसे. डाव सुपाऱ्यांवर असे. जो हरेल त्याचं संध्याकाळचं पान सुपारीवाचून, एवढंच नुकसान.

खेळ साधा होता. प्रत्येकाला तीन पत्ते. ज्याला आपल्या पत्त्यांचा भरवसा वाटेल त्यानं मध्ये सुपारी घालायची, दुसऱ्याला वाटलं तर त्यानं वाढवायची, आणि ज्याचा धीर सुटेल त्यानं पत्ते टाकून द्यायचे. शेवटी एकटा उरेल त्यानं सगळ्या सुपाऱ्या उचलायच्या. पण या पडवीचा एक रिवाज होता. टाकलेले पत्ते एका पालथ्या टोपलीखाली सरकवायचे, आणि एकटा उरलेल्यानंही आपले पत्ते न दाखवता तिथेच ठेवायचे. टोपली कोणी उचलायची नाही.

त्या वर्षी एक तरुण तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, वृद्धाकडे शिकायला येऊन बसू लागला. गेल्या हंगामात एका पहाटे त्यानं आपली होडी समुद्रात नेली होती. दुपारी वादळ झालं. होडी परत आली, पण होडीवरचा त्याचा धाकटा भाऊ परत आला नाही. तेव्हापासून तांडेलाला काहीच ठरवता येईना. नारळी पुनव होऊन गेली, सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या, त्याची मात्र अजून वाळूत झावळ्यांखाली होती. त्याचे खलाशी थांबले होते. पण त्यांच्याही घरी चुली होत्या. दुसऱ्या एका होडीवाल्यानं त्यांना बोलावणं धाडलं होतं, आणि ठरल्या दिवसापर्यंत तांडेलानं काही सांगितलं नाही तर ते तिकडे जाणार होते. मग त्याची होडी वाळूतच कुजली असती, आणि बहुधा तोही.

डावात तांडेल हातात काहीही आलं तरी पत्ते टाकून देई. मग डाव संपला की हळूच टोपलीची कड उचलून दुसऱ्याचे पत्ते बघे. आपले वरचढ होते असं दिसलं की कपाळाला हात लावी. नव्हते असं दिसलं की दुसऱ्या डावालाही टाकून देई.

"तांडेल, टोपलीखाली कोंबडी बसवली आहे का?" खोबऱ्याचा व्यापारी विचारी. "रोज अंडं शोधता ते."

वृद्ध हसत नसे. तो म्हणे, "राहू द्या शेट. एक दिवस तो आपणच थांबेल."

एकदा तर तांडेल या चेष्टेनं चिडला, आणि हातात काही नसताना सुपाऱ्या घालत सुटला. गंमत अशी, की बाकीचे घाबरले आणि डाव त्यानं जिंकला. समोर सुपाऱ्यांचा ढीग लागला. वृद्धानं शांतपणे तो ढीग सगळ्यांना परत वाटून दिला आणि तांडेलाला म्हणाला, "आज तू पायरीवर बस."

"पण आबा, मी जिंकलो."

"ते मी पाहिलं. तू रागावून खेळलास, तेही पाहिलं. चूक केलीस ती केलीस. सुपाऱ्या मिळाल्या म्हणून ती धुऊन निघत नाही."

तांडेल पायरीवर जाऊन बसला. त्याला राग आला नाही. वृद्ध कोणालाही खूश करण्यासाठी बोलत नाही, एवढं त्याला त्या दिवशी उमगलं.

मग खलाशांच्या मुदतीचा शेवटचा दिवस आला. तांडेलाला तिन्ही पत्ते बदामाचे आले, वर राजा. असा हात महिन्यातून एखाद्या वेळी येतो. त्यानं सुपाऱ्या घातल्या. एकेक जण पत्ते टाकत गेला, आणि समोर फक्त खोबऱ्याचा व्यापारी उरला. त्यानं दुप्पट केलं. तांडेलानं तेवढ्याच घातल्या. त्याचा हात मागे येतो न येतो तोच व्यापाऱ्यानं आपल्या पुढ्यातल्या सगळ्या सुपाऱ्या मध्ये लोटल्या.

आता तांडेलालाही सगळ्या घालाव्या लागणार होत्या. त्यानं आपल्या बदामांकडे पाहिलं. मग पत्ते मांडीवर पालथे ठेवून तो बराच वेळ व्यापाऱ्याकडेच बघत राहिला. पडवीच्या टोकाला चहाचं आधण उकळत होतं. अखेर त्यानं आपले पत्ते टोपलीखाली सरकवले.

व्यापारी खूश होऊन म्हणाला, "सांगू का, काय होतं माझ्याकडे?"

तांडेलाचा हात त्या पत्त्यांकडे गेलाच होता. तेवढ्यात वृद्धानं व्यापाऱ्याच्या हातातले तीन पत्ते न बघता काढून घेतले, उठला, आणि चहाच्या चुलीत टाकले. ते एकदा वळले आणि काळे झाले.

"आबा, कॅट माझा होता," व्यापारी म्हणाला. "कोरा. कालच फोडला."

"नवा देईन शेट. आणि एक मागणं. तुमच्याकडे काय होतं ते याला सांगू नका."

"मी? माझ्या तर पोटात काही राहत नाही."

"तेवढं राहू द्या."

तांडेल कासावीस झाला. "आबा, मग मी बरोबर केलं की चूक, ते मला कळायचं कसं?"

"तुला ठाऊक काय होतं ते सांग. पत्ते टाकलेस त्या घडीला."

तांडेल आठवून आठवून बोलू लागला. "शेट घाबरून खेळतात. एवढ्या दिवसांत हाती फार मोठं आल्यावाचून त्यांनी कधी दुप्पट केलं नाही. आज तर लागोपाठ दोनदा. आणि दुसऱ्यांदा मी सुपारी ठेवतो न ठेवतो तोच. खात्री नसली की ते पत्ते पुन्हा उघडून बघतात. आज एकदाही बघितले नाहीत."

"अरे बापरे," व्यापारी पुटपुटला. "मी बघतो पुन्हा?"

"आणि तुझ्याकडे काय होतं?"

"रंग. वर राजा. चांगला हात होता. पण शेटनी सगळं लोटावं, आणि तरीही तो माझ्यापेक्षा हलका असावा, असं पाचांत एकदाही झालं नसतं."

"भ्यायलास म्हणून टाकलेस?"

तांडेलानं विचार केला. "नाही. आज नाही. भीती असती तर मी आधीच टाकले असते."

"मग तुझा डाव तिथे पुरा झाला," वृद्ध म्हणाला. "चुलीत गेलं ते तुझ्या हातात कधी नव्हतंच." मग त्यानं विचारलं, "आता त्या पहाटेचं सांग."

पडवीतली माणसं आपोआप इकडेतिकडे बघू लागली. तांडेल जमिनीकडे बघत म्हणाला, "वारा जमिनीवरून होता. पाणी गार, सपाट. क्षितिज स्वच्छ होतं. माझ्याआधी जुने तांडेल बाहेर पडले होते. धाकटा म्हणाला, दादा, आज पापलेट मिळणार."

"आणि वादळ?"

"दुपारी आलं."

"पहाटे कुठे होतं?"

तांडेलानं मान वर करून वृद्धाकडे पाहिलं.

"पालथं होतं," वृद्ध म्हणाला. "तुझ्यासाठी पालथं, माझ्यासाठीही पालथं. मी तिथे असतो तर मीही होडी लोटली असती. तू तेव्हा चुकला असतास तर मी तुला सांगितलं असतं. तू रागावून जिंकलास तेव्हा सांगितलं ना? भावाचं दुःख कर. ते तुझं आहे, ते कोणी काढून घेणार नाही. पण त्यात नसलेली चूक मिसळू नकोस. तिनं भाऊ परत येत नाही, आणि तू जातोस."

चहा आला. तांडेलानं पेला दोन्ही हातांत धरला, पण प्यायला नाही. मग पेला तसाच ठेवून तो उठला आणि वाळूकडे चालू लागला.

व्यापारी त्याच्या मागोमाग पायरीपर्यंत धावला. आपला शब्द तो पाळत होता, पण त्याला फार जड जात होतं. "तांडेल," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आबा ऐकत नाहीत. सांगून टाकू का?"

तांडेल वळला. कितीतरी महिन्यांनी तो थोडासा हसला. "नको शेट."

वृद्ध पडवीतून बघत होता की नुसता ऐकत होता, ते त्याच्या अधू डोळ्यांवरून कळत नव्हतं. वाळूत तांडेलाचे खलाशी बसले होते. तांडेल होडीवरच्या झावळ्या ओढून काढू लागला, तसे ते उठून उभे राहिले. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं विचारलं, "उद्या जायचं?"

तांडेल म्हणाला, "पहाटे वारा बघू. मग ठरवीन."

म्हणून मला वाटतं, काही बिघडलं की आपणही स्वतःला आधी एवढंच विचारावं, की त्या घडीला आपल्याला खरोखर काय ठाऊक होतं... आले, आई, आले!