हंबीरराजाने वस्तरा धरला

"नाक सोड!"

करवंदगडचा हंबीरराजा एवढ्या जोरात ओरडला, की सटवाजी न्हाव्याच्या हातातला वस्तरा पाण्याच्या वाटीत पडला.

"माझ्यापुढे मान वर करायची कुणाची छाती नाही," राजा गरजला, "आणि तू रोज सकाळी माझं नाक चिमटीत धरून माझीच मान इकडून तिकडे वळवतोस? बस्स! आता माझी दाढी मीच करणार. चार दिवसांत मला शिकव!"

"जी सरकार," सटवाजी कसाबसा म्हणाला.

"शिकताना माझ्या रक्ताचा एक थेंब जरी सांडला, तर गड सोडून चालता हो!"

"आन् न्हाई सांडला तर, सरकार?"

"मग तुझं इथं काम काय? तरीही चालता हो!"

राजाला तर आपला न्याय फारच आवडला होता. सटवाजीने वस्तऱ्या-कात्र्यांची धोकटी काखोटीला मारली आणि घर गाठलं. वीस वर्षांची चाकरी, गडावरचं घर, दारातला शेवगा, सगळं जाणार! इकडे आड, तिकडे विहीर! त्याची लेक गोजरा अंगणात वस्तऱ्यांना धार लावत होती. सगळं ऐकून ती चक्क हसली.

"बाबा, तुमचं हात थरथरत्यात. शिकवाया मी जाते."

"अगं, पण शेवटी हुणार काय?"

"शेवटाचं शेवटी बघू. आधी राजाला वस्तरा तर धरू दे!"

न्हाव्याची पोरं वस्तरा शिकतात ती मडक्यावर. मडक्याला ओली राख फासायची. राख निघाली पाहिजे, पण मडक्यावर चरा उठता कामा नये. गोजराने त्याच दिवशी असं एक मडकं राजापुढे नेऊन ठेवलं. राजाने वस्तरा तलवारीसारखा उगारला आणि पहिल्याच फटक्यात मडक्याची खापरं झाली.

"हे मडकंच बिनकामाचं! हूं नाही की चूं नाही!" राजा चिडला. "मला जिवंत गाल पाहिजे. बोलवा दरबाऱ्यांना!"

बायको गर्भार असताना नवऱ्याने दाढी करायची नाही, हा रिवाज त्या क्षणी सगळ्या दरबाराला एकदम आठवला. सेनापतींची बायको गर्भार. खजिनदारांच्या दोन्ही बायका गर्भार. बहात्तर वर्षांचे दिवाण त्र्यंबकपंत हात जोडून पुढे आले. "महाराज, आमच्याही घरी तेच!"

"पंत! परवाच तुमच्या पणतूच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या मी!"

"आम्हीसुद्धा थक्कच झालो आहोत, महाराज!"

राजा गोजराकडे वळला. हट्टाला पेटलेला माणूस तो! "उद्या सकाळी मला एक गाल आणून दे. जिवंत हवा, केसाळ हवा, राजाच्या हाताला शोभेल असा मानाचा हवा. आणि दुखलं तर तोंडदेखलं 'वा वा' न म्हणणारा हवा! नाहीतर तुझा बाप उद्याच गडाखाली!"

"येवढंच ना?" गोजरा म्हणाली. "आणते की!"

दुसऱ्या दिवशी तिने राजाला नेऊन उभं केलं ते थेट राज्याच्या दळभंजन हत्तीसमोर. माहुताने दळभंजनाला खाली बसवलं. त्याच्या गालावर, हनुवटीवर राठ केसांचे खुंट उभे होते.

"हा मानाचा गाल?" राजाने डोळे वटारले.

"दसऱ्याला अख्खा गड आधी ह्यास्नी ओवाळतो, मग तुम्हास्नी. अजून किती मानाचा पायजे?"

राजाने वस्तरा टेकवला आणि दाबला. हत्तीच्या कातडीला काय होतंय? पण दळभंजनाला ते रुचलं नाही. त्याने शेजारच्या हौदात सोंड बुडवली आणि पाण्याचा असा फवारा मारला, की राजा पगडीसकट भिजला!

"खोटं 'वा वा' म्हनला का, सरकार?" गोजराने विचारलं.

दोन दिवसांत राजा एकवीस वेळा भिजला. पण हात मात्र हलका होत गेला. बाविसाव्या खेपेला दळभंजन डोळे मिटून स्वस्थ बसून राहिला. चौथ्या दिवशी राजाने आरशासमोर स्वतःची दाढी केली. एक थेंब रक्त नाही! राजा लहान पोरासारखा नाचला.

"जमलं! सटवाजी, बांध गाठोडं!"

सटवाजीचे डोळे भरून आले. गोजरा मात्र शांतपणे म्हणाली, "बांधतो की. पन सरकार, डोईचा घेरा वाढलाय. शेंडीभोवतीचं क्यास कोन काढनार?"

"मीच!"

एक आरसा पुढे, एक मागे. राजाने वस्तरा डोक्यामागे नेला. आरशात हात डावीकडे न्यावा तर तो जाई उजवीकडे! जाता जाता पातं थेट शेंडीच्या मुळाशी टेकलं.

"थांबा सरकार!" गोजरा ओरडली. "शेंडी गेली तर भटजी मुंज परत लावतील!"

"लावू देत! लाडू तरी मिळतील!"

"मुंज नवी म्हंजी आधीची लग्नं धरली जायाची न्हाईत. तिन्ही रानीसायबांशी परत लगीन लावावं लागंल!"

राजाचा हात जागीच थांबला.

"तीन सासुरवाड्या, सरकार! तीनदा मानपान, तीनदा आहेर, आन् मांडवात रुसून बसल्यालं तुमचं सतरा मेव्हनं! तवा तुम्हीच सांगा, पाठीमागं एक न्हावी उभा केल्याला बरा, का सतरा मेव्हनं?"

मग राजाच्या पोटातून असं हसू फुटलं, की हातातला आरसा खाली पडायचा तेवढा राहिला. "न्हावी! न्हावीच बरा!" तो डोळे पुसत ओरडला. "सटवाजी, ये बाबा, सोडव मला!"

त्याने सटवाजीची चाकरी पिढीजात करून दिली आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातात घातलं. पण हसू काही आवरेना! त्या दिवशी जेवताना मेव्हण्यांची आठवण होऊन त्याला तीनदा ठसका लागला.