तडा गेलेली नळी

मोटारींना कार्बुरेटर असत त्या काळची गोष्ट. एका जुन्या मोटारीचं इंजिन उभ्या गाडीत थरथरायचं आणि ॲक्सिलरेटर दाबला की अडखळायचं. कार्बुरेटरला जोडलेल्या रबरी नळीला तडा जाऊन नको ती हवा आत शिरत होती. नळीला ते ठाऊक होतं, पण भंगाराच्या भीतीने ती गप्प बसली.

"कार्बुरेटरच थकलाय," दाऊदमिस्त्री ऐटीत म्हणाले. चौकशीत वजनदार नाव लवकर सापडतं.

"चुकलं असेल माझंच," म्हणत कार्बुरेटर भंगारात निघाला.

नवा बसवला, तरी थरथर तशीच. मग मिस्त्रींनी नळी वाकवली, तडा पाहिला आणि तिलाही भंगारात फेकलं.

तिथे जुना कार्बुरेटर कळवळला, "अगं, तुलाही काढलं? माझ्या संगतीने तुझंही वाटोळं झालं गं!"