मागच्या गादीवर बुवा

"...मग हे अंग हलकं होणार तरी कशानं, बुवा?"

हैबतराव जगदाळे मठाच्या पायरीवर बसून विचारत होते. गाडी दारातच उभी, चालक दिनकर आत. पायऱ्या रुंद असत्या तर त्यांनी ती वरही चढवली असती.

पण दुखणं खरं होतं. चैत्रातल्या यात्रेत देवाची उंच काठी कमरेला लावून देवळापर्यंत न्यायचा मान जगदाळ्यांचा. वाटेत काठी टेकली की मान दुसऱ्या घरी जातो. गेल्या साली शेवटच्या वळणावर दोघा पुतण्यांनी काखेत हात घालून त्यांना कसंबसं पोचवलं. यंदा महिना उरला होता, आणि हैबतराव नुसते बोलूनच धापा टाकत होते.

सिद्धूबुवांनी विचारलं, शेतावर कसा जातोस?

गाडीनं.

न्हाव्याकडं? तिकडंही गाडीनं. आणि देवळात? देऊळ जगदाळ्यांच्या घरापासून चौथं. तिथंही गाडीनंच.

"भात सोडला, साखर सोडली, बुवा."

"आणि गाडी?"

"जगदाळे पायी दिसले तर लोक म्हणतील, गाडी विकली."

बुवा उठले. सरळ गाडीत, हैबतरावांच्या जागेवर मांडी घालून बसले.

"दिनकर, मला गावात सोड. हळू घे." मग काच खाली करून म्हणाले, "हैबता, तू शेजारनं चाल. उपाय वाटेत सांगतो."

उपाय हवा होता. हैबतराव चालू लागले.

पहिला अर्धा मैल बुवा गादीचंच कौतुक करत होते. हैबतराव खिडकीला धरून, घाम पुसत हो हो म्हणत होते. मग बुवांनी सहज विचारलं, काठी धरायला तुला कुणी शिकवलं?

झालं. वडील, मळ्यातला ओला बांबू, विहिरीभोवतीच्या फेऱ्या, पडल्यावर खाल्लेल्या शिव्या... हैबतराव सांगत सुटले. सांगायला दोन्ही हात लागले, तेव्हा खिडकी सुटली. ओढा कधी मागं पडला ते त्यांना कळलंही नाही.

वाटेत लोक भेटले. गाडी विकली असं कुणी म्हणालं नाही. उलट एक म्हातारा मळा सोडून गोष्ट ऐकत सोबत आला, आणि दोघं त्या शिव्या आठवून पोट धरून हसले. इतकं मोकळं हसलेले हैबतराव दिनकरनं नोकरीत पहिल्यांदाच पाहिले. मला तर ही गोष्ट सांगतानाही मजा येते.

गावाची वेस आली. सदरा चिंब, चेहरा लाल, पण धाप बेतानंच. तेवढ्यात त्यांना आठवलं.

"बुवा, उपाय राहिलाच की. मला काठी पेलवेल का?"

बुवा खाली उतरले. मागं वळून गादीवर दोनदा थोपटलं.

"यात्रेपर्यंत रोज न्यायला ये, हैबता. गादी फार झकास आहे."