हिवरगडचा बिनघोड्यांचा रथ

"दसऱ्याला आमचा रथ घोड्यांशिवाय, बैलांशिवाय आणि पेट्रोलच्या थेंबाशिवाय गड उतरून परत चढला पाहिजे. नाहीतर तुझी शेड पाडू," हिवरगडचे राजेसाहेब म्हणाले. संस्थान खालसा होऊन जमाना लोटला होता, पण ही बातमी राजेसाहेबांना कुणी नीटशी सांगितली नसावी.

शेड सारजा पांचाळची. गडाच्या पायथ्याशी, घराला लागून, पण संस्थानच्या जागेत. गोठ्यातली म्हैस विकून तिनं तिथं लेथ मशीन बसवलं होतं. दुपारी ती त्यावर गिअर कापायची आणि वर महालात राजेसाहेबांची वामकुक्षी मोडायची. तक्रार सारजाच्या आईचीही होती. तिच्या पोह्यांत लोखंडाचा कीस सापडे. पण शेड पाडणं आईच्या हातात नव्हतं.

"रथ चालवायचा कशावर, सरकार?" सारजानं विचारलं.

"मोडक्या गाडीतलंही काहीबाही चालतं, असं तूच म्हणतेस ना? आमची गाडी घेऊन जा."

गाडी हायब्रिड होती, म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आणि विजेची मोटरही. राजेसाहेबांनी ती स्वतः चालवत महादरवाजातल्या तोफेवर नेऊन आदळली होती. त्या तोफेनं आजवर गाजवलेला हा एकमेव पराक्रम. इंजिनाचा चेंदामेंदा झाला, मोटर आणि बॅटरी शाबूत राहिल्या.

कारभारी त्रिंबकराव खाकरले. शेडच्या जागी त्यांना मेव्हण्यासाठी मंगल कार्यालय काढायचं होतं. "बॅटरी रिकामी हवी, सरकार. मी स्वतः तपासणार. कुठल्याही तारेतून वीज घ्यायची नाही. सौर पत्रेही नकोत."

"वारा चालेल?" सारजानं विचारलं.

"वाराही नको."

"बरं. सुरुवात गडावरूनच ना?"

"मग काय राजा पायथ्याशी राहतो?"

"नाही, आपलं विचारून ठेवलं," म्हणून सारजा गाडी टेम्पोत घालून घरी गेली.

मोटर नव्या जमान्याची, रथ राजेसाहेबांच्या पणजोबांचा. दोघांची सोयरीक जुळवणं सोपं नव्हतं. मोटरच्या दांड्याला खाचा होत्या, रथाच्या आसाला काहीच नव्हतं. सारजानं भंगारातल्या ट्रॅक्टरच्या आसातून मधला जोड कातून काढला, बंद पडलेल्या रसवंतीची दातेरी चाकं आणली, मोटर बसवायची जाड पाटी कापली. पहिला जोड केसभर सैल झाला. दुसरा इतका घट्ट की घणानंही बसेना. तिसरा एकदाचा बसला, तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या चिकाटीनं स्थळं बघितली असतीस, तर आज माझ्या मांडीवर नातू असता."

दसऱ्याला त्रिंबकरावांनी चष्मा लावून मीटर पाहिला. बॅटरी रिकामी. तरीही त्यांचं समाधान होईना. रथाचा आसच मोडावा म्हणून त्यांनी मानकऱ्यांना एकेक करून आत चढवायला सुरुवात केली. हिवरगडात शेती थोडी आणि मानकरी फार. रथ गच्च भरला.

"अजून कोणी राहिलं का?" सारजानं सारथ्याच्या जागेवरून विचारलं.

"आस मोडेल, त्याची भीती नाही वाटत?"

"आस मी पारखून घेतलाय, त्याची काळजी माझी. कारभारी, तुम्हीही बसा. तुमच्याशिवाय शोभा नाही."

त्रिंबकराव बसले. दोघांची जागा भरली.

रथ संथ उतरू लागला. उतारावर चाकंच मोटर फिरवत होती, आणि बाहेरून फिरवलेली मोटर वीज बनवते. रथ जसजसा खाली जात होता, तसतसा मीटरचा काटा वर चढत होता. त्रिंबकरावांना तो दिसला, तेव्हा एका बाजूला कडा होता आणि दुसऱ्या बाजूला देशमुख.

वेशीवर सोनं लुटून झालं. मंडळी पुन्हा रथात बसली. "चला वर," राजेसाहेब म्हणाले.

"एवढ्यांना वर न्यायला वीज पुरायची नाही," सारजा म्हणाली. "बनवताना थोडी वाया जातेच."

"म्हणजे हरलीस," त्रिंबकराव म्हणाले.

"एवढ्यांना न्यायचं कुठं ठरलंय? परतताना रथात देवी असते."

रीत खरी तीच होती. वेशीच्या देवळातला मुखवटा रथातून गडावर न्यायचा आणि राजापासून सगळ्यांनी मागून पायी चढायचं. जीप आल्यापासून देवी ड्रायव्हरशेजारी बसे आणि मानकरी मागच्या गादीवर.

सारजानं मुखवटा आणून रथात मधोमध ठेवला, हात जोडले आणि साऱ्या गावासमोर विचारलं, "देवीला चिकटून कोण कोण बसणार?"

गाव बघत राहिलं. आधी राजेसाहेब उतरले, मग देशमुख, मग बाकीचे.

"आमचे गुडघे…" त्रिंबकराव पुटपुटले.

"देवीला सांगा की. समोरच आहे."

हलका झालेला रथ घूं घूं करत गड चढला. बऱ्याच वेळानं राजेसाहेब पोचले आणि महालाच्या पायरीवरच बसले. मागून मानकरी एकमेकांना धरून येत होते.

"म्हणजे आमचंच तू पेट्रोल केलंस?" राजेसाहेबांनी विचारलं.

"नाही, सरकार. पेट्रोल जळून संपतं. आपण नुसते दमलात."

राजेसाहेब आधीच धापा टाकत होते, त्यात हसू आवरेना. "शेडची जागा तुझ्या नावावर," ते कसेबसे म्हणाले. "आणखी काय हवं?"

"युवराजांची गाडीही हायब्रिडच आहे ना?"

"ती तर उत्तम चालते!"

"मला घाई नाही, सरकार. ते चालवतात कसे, ते पाहिलंय मी."

राजेसाहेबांनी हसत हसतच आतून त्या गाडीची किल्ली मागवली आणि तिच्या हातात ठेवली. युवराज तेव्हा अजून खालच्या वळणावर होते.