ओटीतली डाळिंबं

एका गावात एक माळी होता, आणि त्याला कामापेक्षा सोंगट्यांचा नाद मोठा होता. विहिरीला पाणी भरपूर, दाराशी बैलजोडी, घरालगत डाळिंबाची बाग. पण पारावर डाव मांडला की गडी जागचा हलायचा नाही.

"अहो, बागेला पाणी द्या. फळं धरलीत," बायको म्हणायची.

"देईन गं. झाडं काय पळून चाललीत?" असं म्हणून तो पागोटं चढवायचा आणि पाराकडे निघायचा.

ऊन तापत गेलं. मातीला भेगा पडल्या, फळांची साल कडक झाली. अशात लेकीच्या सासरहून निरोप आला. तिचं डोहाळजेवण ठरलं होतं आणि तिनं हट्टानं सांगितलं होतं, "ओटीत बाबांच्या बागेतलीच डाळिंबं हवीत."

माळ्याचा लेकीवर फार जीव. लग्नाला वर्ष झालं तरी तो तिच्याकडे एकदाही फिरकला नव्हता, ही गोष्ट वेगळी. त्यानं सोंगट्या गुंडाळल्या, मोटेला बैल जुंपले आणि अंधार पडेपर्यंत पाणी सोडलं. झाडांची आळी तुडुंब भरून वाहू लागली.

"पुरे हो. थोडं आज द्या, थोडं उद्या," बायको म्हणाली.

"तहानलीत बिचारी. पिऊ दे पोटभर!"

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी तो टोपली घेऊन बागेत गेला, तर झाडोझाडी डाळिंबं तडकली होती. उघड्या दाण्यांना मुंग्या लागल्या होत्या. फुटकं फळ ओटीत कोण घालणार?

माळी झाडांवरच उखडला. "बैलांचा घाम काढून पाणी पाजलं, त्याचे हे पांग फेडलेत?"

"त्यांना काय बोलता?" बायको म्हणाली. "साल उन्हानं आखडलेली. आतले दाणे पाणी पिऊन एकदम फुगले. साल ताणली जाणार तरी किती?"

ती त्याला परसात घेऊन गेली. तिथं मोरीच्या कडेला एकच झाड होतं. भांडी विसळलेलं पाणी रोज त्याच्या बुंध्याशी जायचं. फळं लहान होती, पण एकालाही चीर नव्हती. माळ्यानं तीच काढली.

दुसऱ्या दिवशी नवराबायको लेकीकडे गेली. डाळिंबांसोबत साडी, लाडू, चिवडा, बांगड्या, माळ्यानं गाडीभर सामान नेलं होतं. आईनं ओटी भरली. लेकीनं डाळिंबं पदरात घट्ट धरली, सामानाच्या ढिगाकडे पाहिलं आणि तिला रडूच फुटलं.

"एवढं कशाला आणलंत, बाबा? मधूनमधून नुसते येऊन गेला असतात, तरी पुरलं असतं मला."

माळ्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पुन्हा तिच्या दारात उभा राहिला, रिकाम्या हातानं. तिनं हसत पाण्याचा तांब्या पुढे केला.

तात्पर्य: पाणी असो की माया, थोडी थोडी पण वेळच्या वेळी द्यावी. कोरडं ठेवून एकदम ओतलेली कुणालाच झेपत नाही.