दगडाला हरलेली फिरकी

फार जुनी गोष्ट आहे. नद्यांना अजून नावे पडायची होती. त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक डोह होता. त्यात पांढरा खडा टाकला तर तो बुडताना बराच वेळ दिसे, पण तळाला टेकलेला कुणी पाहिला नव्हता.

डोहाकाठी भोयांची बारा घरे होती आणि डोहात एक थोरला मासा होता. वर्षातून एकदा प्रत्येक घराने डोहात एक गळ टाकायचा, अशी रीत होती. गळाची दोरी एका लाकडी चाकावर गुंडाळलेली असे. त्या चाकाला म्हणत फिरकी. थोरला मासा ज्याच्या गळाला लागे, त्याची दोरी तुटे आणि गळ जाई. ज्या घराचे तीन गळ डोहाने ठेवून घेतले, त्या घराची नाव काठावर कायमची उपडी घालत.

सात नावा अशा उपड्या पडल्या होत्या. त्यांच्यावर गवत उगवले होते.

आठवी पडायच्या बेतात होती. त्या घराचे दोन गळ गेले होते. गेल्या साली दोरीने बापाचा तळहातही कापला होता, म्हणून या वर्षी गळ टाकायची पाळी लेकीची होती.

तिने तुटलेल्या दोरीचे टोक उन्हात धरले.

"बाबा, माशाने दात लावला असता तर टोक सरळ कापलं असतं. हे विस्कटलंय. दोरी ताणून तुटलीय."

"मग? मासा ओढणारच की!"

"मासा ओढणारच. आपण कशाला ओढत होतो?"

बाप तळहाताकडे बघत बसला.

लेक फिरक्या करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. त्याच्या अंगणात चिंचेच्या फांदीला फिरक्या टांगलेल्या होत्या, आणि प्रत्येक दोरीला एक धोंडा. दिवसभरात जी बोटभरही दोरी सोडणार नाही ती उत्तम, असे गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते.

"ही घे पोरी. धोंडा तसूभर हलला नाही."

पण तिचे लक्ष दाराकडे गेले. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून म्हाताऱ्याने एक फिरकी खाली सारून ठेवली होती.

"ती? तिच्यात मी चामड्याची चकती बसवली होती. ओढ वाढली की चाक सरकतं, ओढ सरली की धरतं. पण ती दगडाला हरली गं."

"आजोबा, डोहात दगड कोण पकडतंय?"

म्हातारा हसायला गेला, आणि त्याचे हसू अर्ध्यावरच थांबले. त्याने फिरकी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि तिच्या हातात दिली.

ठरल्या दिवशी सकाळी गावच्या पाटलांसह सगळे काठावर जमले आणि तिने गळ टाकला. पाणी एकदा फुगले आणि दोरी सणसणत निघाली.

"पाटील, बघा! भोयाची पोर माशाला दोरी आंदण देतेय!" कुणीतरी ओरडले.

लोक हसले. ती हसली नाही. मासा धावला तेव्हा तिने त्याला धावू दिले. तो थांबला तेव्हा तिने फिरकीची मूठ फिरवून दोरी गुंडाळली. पुन्हा धावला, पुन्हा दिले. ऊन डोक्यावर आले. हसणारे कधीच गप्प झाले होते. फिरकीचा आवाज तेवढा येत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

मग मासा वर आला.

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्यांनो, ते कसे सांगू! तो नावेएवढा होता. खवले पितळी ताटांसारखे. डोळा शांत, म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यासारखा. आणि त्याच्या ओठांत गळच गळ होते, पणजोबांच्या काळातले हाडाचे, आजोबांच्या काळातले तांब्याचे, काल-परवाचे लोखंडाचे. बारा घरांचा सगळा इतिहास त्याने तोंडात वागवला होता.

पाटलांनी पागोटे काढून हातात घेतले.

"बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुमचे दोन इथंच आहेत."

ती छातीभर पाण्यात उतरली. एकेक गळ काढून तिने ओच्यात टाकला, सगळ्यांत शेवटी स्वतःचा. मासा हलला नाही. शेवटचा गळ निघाल्यावर त्याने कपाळ तिच्या तळहाताला टेकवले आणि तो खोल निघून गेला.

मग पाटील म्हणाले, "डोहाने आपलं काहीच ठेवून घेतलं नव्हतं. आपणच तोडून देत होतो."

ज्याचे गळ त्याच्या घरी गेले. गवत उपटले गेले, आणि संध्याकाळपर्यंत सातही नावा सुलट्या होऊन पाण्यावर डुलू लागल्या. म्हाताऱ्याने चिंचेखालचे धोंडे सोडले आणि त्यांची पाण्यात उतरायला पायरी बांधली.

जिवंत गोष्ट धरायची असेल, तर तिला धावायला दोरी द्यावी लागते.