आकडा आणि आवळलेलं कुलूप

कुलपं अजून बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. सगुणाला किल्ली हरवलेली कुलपं उघडायची भारी हौस होती. त्यासाठी तिच्याकडे तारेचा एक नवाकोरा आकडा आणि टोकाला वाकवलेली एक जुनी पट्टी होती.

एकदा शेजारची द्वारका किल्ली हरवलेली आपली कुलूपबंद पेटी घेऊन आली. पेटीत तिच्या आईने शेवटच्या दुखण्यात शिवलेली दुपटी होती आणि द्वारकेचे दिवस भरत आले होते. "नाहीच उघडलं, तर हातोड्याने फोडू या," ती म्हणाली.

ते ऐकून कुलपाने दात घट्ट आवळले. आकडा उत्साहाने आत शिरला आणि आतल्या पिना जोरजोरात ढकलू लागला.

"अरे बाबा, दुखतंय!" कुलूप कळवळलं.

आकडा ओशाळला. "पण जोर लावला नाही, तर तू उघडणार कसं?"

"आधी नुसतं चाचपून बघ," पट्टी म्हणाली. "मी त्याला हलकेच वळवून धरते. जी पिन अडून बसली असेल, तेवढीच उचल. मग पुढची."

आकडा एकेका पिनेला हळूच चाचपू लागला. "आता दुखतंय?" तो मधूनमधून विचारत होता.

"नाही," कुलूप पुटपुटलं. "मला वाटलं, किल्ली गेली म्हणजे आता माझ्या नशिबी हातोडाच."

"मी आहे ना," आकडा म्हणाला आणि शेवटची पिन अलगद वर गेली. कुलूप उघडलं.

द्वारकेने दुपटी छातीशी धरली. सगुणाने कुलपाला तेल घालून खुंटीवर अडकवलं. कितीतरी वर्षांनी ते तोंड उघडं टाकून निवांत झोपलं.